एक बाई, तीन फायली

निपाणीत, तंबाखूच्या जुन्या वखारीमागच्या दवाखान्यात
तीन दिवस मी रेकॉर्ड रूममध्ये बसलेय.
टेबलाचा एक पाय तुटका, त्याजागी
ब्याण्णव सालचं जन्मनोंदीचं रजिस्टर.

फळ्यावर चौकोन काढते :
रुग्ण. भेट. डॉक्टर. औषध. बिल.
चौकोनातून चौकोनात रेघ,
रेघेच्या टोकाला कावळ्याचा पाय,
म्हणजे एका रुग्णाच्या अनेक भेटी.

तेरणीमामा चष्म्यावरून बघतात.
"आणि एका भेटीतले अनेक रुग्ण?
विडी वळणाऱ्या बायका एकट्या येत नाहीत.
एकीचा खोकला दाखवायला चौघी येतात,
केसपेपर एकच काढतात,
डॉक्टर चौघींच्या पाठीला नळी लावतात."

मी रेघ पुसते.
खडूचा धूर बसेपर्यंत मामा तीन फायली काढतात.

गंगव्वा सातप्पा नाईक, कन्नडमध्ये.
गंगूबाई सातापा नाईक, मराठीत.
जी. एस. नायक, कुणा घाईतल्या कंपाउंडरच्या इंग्रजीत.
वय बावन्न. वय साठ. वय "अंदाजे".
मशीनच्या लेखी तीन बायका.
"एकच की," मामा म्हणतात,
"डाव्या कानानं कमी ऐकते ती."

मग तिला ओळखायचं कशावरून?
आधार कार्ड मुलाकडं, मुलगा इचलकरंजीला.
मोबाईल नंबर किराणावाल्याचा, तोच आणखी नऊ घरांचा.
जन्मतारीख एक जानेवारी.
एक जानेवारीला जन्मलेली
चार हजार दोनशे सोळा माणसं या दवाखान्यात आहेत.

राज्य : एकच पर्याय निवडा.
माहेर वेदगंगेच्या पलीकडं, सासर अलीकडं,
मत इकडं, रेशन तिकडं,
आणि दम्याला तर
कोगनोळीचा नाका लागतच नाही.

कन्नड फाईलीत, तांबड्या शाईत : पेनिसिलीन नको.
बाकी दोन फायलींत त्या ओळीवर काहीच नाही.
गेल्या आषाढात मराठी फाईल वर गेली होती,
सुई भरून तयार होती.
मामा जिना चढून धावले,
एक चप्पल पाचव्या पायरीवर राहिली,
नर्सचा हात धरला.

"ते कुठं नोंदवलंत?"
"काय नोंदवायचं? झालंच नाही ना काही."

या तीस तारखेला ते निवृत्त होतात.

रात्री लॉजवर पुन्हा मांडते.
नाव रुग्णातून बाहेर काढते,
नावांचं वेगळं टेबल करते :
एका बाईची कितीही नावं, कुठल्याही लिपीत,
पुढं रकाना : कुणी सांगितलं, कधी.
फाईल जोडायची, फाडायची नाही.
जुना नंबर घेऊन कुणी आलं
तर त्यालाही दार उघडलं पाहिजे.
आणि ती तांबडी ओळ फाईलीला नाही,
बाईला चिकटवायची.

तरी एक जागा अडते.
रिकामा रकाना म्हणजे काय?
ॲलर्जी नाही,
की कुणी विचारलंच नाही?
दोन्ही सारखंच पांढरं दिसतं.
मी तिसरा पर्याय घालते : "विचारलं नाही".
नव्या प्रत्येक माणसापुढं आधी तोच उमटेल,
कुणीतरी विचारेपर्यंत.

सकाळी ती स्वतःच आली,
बोटांना तंबाखूचा वास, सोबत तिघीजणी.
म्हटलं, मावशी, नाव कुठलं ठेवू?
मग उजव्या कानाशी जाऊन पुन्हा म्हटलं.
"कुठलंबी लिव.
कुठली सुई द्यायची न्हाई, तेवढं मोठ्यानं लिव."

मग मलाच न्याहाळत बसली.
"तू कुणाची गं?"

माझ्याजवळ कंपनीचं कार्ड होतं, फोटोसकट, क्रमांकासकट.
ते काही मी काढलं नाही.
"सदलग्याच्या पोस्टमास्तरांची. धाकटी."
"उंच, तपकीर ओढायचे, ते?"
"तेच."

तिनं मान हलवली.
जुळलं.